कॉम्प्युटरात माघ, अंगणात मार्गळी

त्या बुधवारी सकाळी आमच्या घरच्या कॉम्प्युटरनं माझ्या सासऱ्यांना ओळख दाखवायचं बंद केलं. मेलचा प्रोग्रॅम उघडला की पडद्याच्या मधोमध एक चौकोन यायचा आणि पासवर्ड मागायचा. मामंजींनी पासवर्ड दिला. चौकोन गेला. मामंजी चष्मा सारखा करून पुढं सरसावतात न सरसावतात तोच चौकोन परत हजर. पुन्हा दिला, पुन्हा गेला, पुन्हा आला. बराच वेळ हा खेळ चालला. शेवटी मामंजी त्याच्याशी तमिळमध्ये बोलायला लागले तेव्हा मला कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय. घरात ते मराठीच बोलतात. तमिळ रिक्षावाल्यांसाठी, नगरपालिकेसाठी आणि शत्रूंसाठी.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन कुंभकोणमला आले आणि मेलकावेरीतल्या या घरात रुळले. माझ्या सासरचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडं आले ते परत फिरलेच नाहीत. त्यांची मराठी तिथंच थांबली आणि शेजारच्या तमिळच्या मांडीला मांडी लावून बसली. सुरुवातीला मामंजी मला "कोठें जाऊंलालीस?" असं विचारायचे, तेव्हा वाटायचं, म्हातारा माझी थट्टा करतोय. मी कुठं जाते आहे एवढंच त्यांना विचारायचं असायचं. आता मी स्वतः साताऱ्याला गेले की माझ्या बहिणी माझी थट्टा करतात.

मामंजी विठ्ठलाच्या भजनी मंडळीचे प्रमुख. मंडळीचा सगळा पत्रव्यवहार त्यांच्या कॉम्प्युटरवरून, त्या जुनाट प्रोग्रॅममधून चालतो. फोनवर मेल बघणं त्यांना पसंत नाही. त्यांच्या मते ते रस्त्यात उभं राहून जेवण्यासारखं आहे. मेल बघायची म्हणजे पाय धुऊन, खुर्चीवर बसून, आधी पडद्याला नमस्कार करून. खंडेनवमीला घरातल्या कात्री-सुरीबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा होते. चंदनाचा जाडजूड टिळा आणि त्यावर कुंकू. हा टिळा लोक कडेच्या काळ्या पट्टीवर लावतात. मामंजी थेट काचेवर लावतात, उजव्या कोपऱ्यात खाली. तो पुढच्या खंडेनवमीपर्यंत कोणी पुसायचा नाही. एकदा मी तिथं फडकं नेलं होतं, तर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी देवाच्या अंगावरचं वस्त्र ओढत होते.

आता मुख्य भानगड सांगते. आमच्या घरात दोन पंचांगं आहेत. एक आपलं मराठी, चैत्र-वैशाखाचं. दुसरं तमिळ, सूर्याच्या महिन्यांचं. शहाण्या माणसानं दोन्हींतले चांगले दिवस उचलले असते. मामंजी दोन्हींतले वाईट दिवस पाळतात. शिवाय रोजचा दीड तासाचा अशुभ राहुकाळ. चांगलं काम करायचं तर दिवस दोन्ही पंचांगांत चांगला हवा आणि वेळ राहुकाळाबाहेरची हवी. असे दिवस वर्षात इतके थोडे येतात, की त्या दिवशी घरात नवीन केरसुणीपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळ्याचं उद्घाटन एकदम उरकून घ्यावं लागतं. माझ्या नवऱ्याचं अपेंडिक्स दुखत होतं तेव्हासुद्धा मामंजींनी डॉक्टरला घड्याळ दाखवलं होतं. डॉक्टर बिचारा याच गावचा. तो पण थांबला.

हे सगळं मला चालायचं. हसायला रोज काहीतरी मिळायचं. पण माझी नणंद होती. सदतिशी गाठलेली, तिरुनीलक्कुडीच्या शाळेत गणित शिकवणारी, सासूबाई गेल्यापासून वडिलांचं पथ्यपाणी बघणारी. तिची स्थळं याच पंचांगांपायी एकेक करून गेली. मुलाकडून निरोप यायचा, मामंजी उत्तराला मुहूर्त शोधायचे, मुहूर्त सापडेपर्यंत मुलाचं दुसरीकडं ठरायचं. एकाच्या लग्नाची पत्रिका तर आमच्याच घरी आली, नणंदेनंच ती दाराशी घेतली. पोळ्या त्या दिवशी तिनं इतक्या जोरात लाटल्या की ओटा हलला.

आणि आता त्या मंगळवारी एक मेल आली होती. तंजावरला एका लग्नात आम्हाला एक बडोद्याचे गृहस्थ भेटले होते. आमच्यातलेच, पुलांचे इंजिनियर, चाळिशी ओलांडलेली, डोक्यावर केस मोजके. पंगतीत ते नणंदेशेजारी बसले आणि जेवण संपून पानं उचलली गेली तरी दोघं बोलतच होती. काय बोलत होती म्हणून मी कान लावला, तर पुलाच्या कमानीचं गणित! मी मनात म्हटलं, जमलं. निघताना त्यांनी मामंजींकडं मेलचा पत्ता मागितला आणि मामंजींनी तो मोठ्या ऐटीत दिला.

मेल मामंजींनी मोठ्यानं वाचून दाखवली होती. कामासाठी तिरुच्चीला आलो आहे, शनिवारी संध्याकाळी परत निघेन. आपली परवानगी असेल तर त्याआधी कुंभकोणमला येऊन आपली भेट घ्यावी म्हणतो. हेतू आपल्या ध्यानात आलाच असेल. आपलं उत्तर आलं नाही तर सोयीचं नाही असं समजेन, पुन्हा त्रास देणार नाही. बस. खाली फोन नंबरसुद्धा नाही, इतका सज्जन.

मामंजींनी दोन्ही पंचांगं उघडली आणि तोंड वाकडं केलं. तमिळ पंचांगात मार्गळी चालू होती, म्हणजे आपला धनुर्मास. देवाला पहाटेचा खिचडीसारखा पोंगल चालतो, लग्नाचा विषय चालत नाही. मराठी पंचांगात पौष लागलेला. "मार्गळींत नको," ते म्हणाले. "पौषांत नकोच नको. माघ येऊं दे, मग लिहूं."

"तोवर ते बडोद्याला पोचून म्हातारे होतील," मी म्हटलं.

"अग मुली, होणार तें चुकत नाहीं."

नणंद उठून आत गेली. मी मागोमाग गेले. म्हटलं, माझ्या फोनवरून मी मेलनं कळवते त्यांना, या म्हणून. तिनं माझ्या हातातला झारा काढून घेतला. "नको वहिनी. अप्पांनीं आपण होऊन लिहिलें तरच. तें झाल्याविण मी कोणासमोर बसणार नाहीं." मग म्हणाली, "मज तो माणूस फार आवडला अहे." इतकं सरळ वाक्य मी तिच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. मला भरून आलं आणि त्याच वेळी म्हाताऱ्याची दोन्ही पंचांगं कावेरीत बुडवावीशी वाटली.

तर हे मंगळवारी झालं, आणि बुधवारी सकाळपासून तो चौकोन सुरू झाला.

आधी मला आसुरी आनंद झाला. म्हटलं, बरं झालं, भोगा. पण दुपारपर्यंत एक गोष्ट खटकायला लागली. ज्या माणसाला माघापर्यंत उत्तर लिहायचं नव्हतं, तो कॉम्प्युटरपुढून हलेना. जेवायला उठेना. विचारलं तर म्हणे मंडळीची मेल बघायची अहे. आता धनुर्मासात मंडळी पहाटे भजन करते आणि दिवसभर झोपा काढते, हे मला माहीत नव्हतं का?

मी म्हटलं, "पासवर्ड मला सांगा, मी टाकून बघते. बोट चुकत असेल तुमचं."

तर त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून कीबोर्डवर अंथरला आणि त्याच्याखाली हात घालून पासवर्ड टाइप करायला लागले. वर मला म्हणाले, "तूं तिकडे पाहा." सून झाली म्हणून काय, पासवर्ड सांगायचा नाही! पंच्याखाली बोटं चालायची, चौकोन जायचा, चौकोन यायचा. संशय आधी करंटवर गेला. मग मांजरावर, कारण ते दुपारी कीबोर्डवर झोपतं. मग माझ्यावर, कारण मी त्या खोलीत केर काढला होता. गुरुवारी त्यांनी कॉम्प्युटरला धूप दाखवला. मी खोकत खोकत विचारलं, "आता नैवेद्य काय ठेवू, दहीभात चालेल का?" त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

माझा नवरा नागपट्टणमला बँकेत, शनिवार-रविवार घरी. त्याला फोन केला तर तो म्हणाला, बंद करून परत चालू करा. सगळ्या जगाच्या सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडं हे एकच औषध आहे, मलाही तो हेच सांगतो. आम्ही बंद केला, चालू केला. चौकोन ताजातवाना होऊन परत आला.

नणंदेला नाताळची सुट्टी होती. दर थोड्या वेळानं ती त्या खोलीच्या दारापर्यंत यायची, पडद्याकडं बघायची आणि वळायची. गुरुवारी संध्याकाळी तिनं अंगणातली रांगोळी दुसऱ्या दिवसासाठी ठिपके मोजून आखून ठेवली आणि मग तिथंच पायरीवर बसून राहिली. मार्गळीत इथल्या बायका केवढ्याल्या रांगोळ्या घालतात, दार ते रस्ता. ती मला म्हणाली, "परवां शनिवार." मी तिच्याशेजारी बसले. म्हाताऱ्याचा राग राग आला मला. वाटलं, या माणसाला मुलगी घरातून हलायला नकोच आहे, पंचांग हा नुसता बहाणा आहे.

शुक्रवारी सकाळी मामंजी आंघोळ करून सोवळ्यात पूजेला बसले आणि मी खोलीत शिरले. तोंडानं 'कुठं ठेवली बाई कात्री' असं म्हणत, म्हणजे चोर नाही असं वाटावं. चौकोनात काय लिहिलंय ते मामंजींनी कधी वाचलंच नव्हतं. चौकोन दिसला की पंचा, एवढंच. मी नीट बघितलं तर पासवर्डच्या चौकोनाआधी आणखी एक छोटी पाटी क्षणभर येत होती, आणि मामंजींच्या सवयीचं बोट ती लगेच बंद करत होतं. मी ती बंद केली नाही, वाचली. इंग्रजीत होती. मथितार्थ असा, की मेल देणाऱ्या पलीकडच्या मशीनच्या ओळखपत्राची मुदत संपलेली आहे, तुमच्या मशीनची तारीख-वेळ बरोबर आहे ना ते बघा.

तारीख-वेळ कुठं बघायची? खाली उजव्या कोपऱ्यात. म्हणजे बरोब्बर चंदनाच्या टिळ्याखाली.

मी देवघराकडं कान दिला. घंटा वाजत होती. पदराचं टोक तांब्यात बुडवलं, देवाची क्षमा मागितली आणि टिळा पुसला.

तारीख फेब्रुवारीतली होती. मी बाहेर जाऊन भिंतीवरचं मराठी पंचांग काढलं आणि ताडून बघितलं. माघ शुद्ध अष्टमी! तीन दिवस मागं मोजले, तर मंगळवारी वसंत पंचमी! तमिळ महिनाही बिनदोष. बाहेर मार्गळीतली रांगोळी ओली आणि आत कॉम्प्युटरात संक्रांत उलटून गेलेली, पौष सरलेला, वसंत ऋतू लागलेला. पंचांगाबरहुकूम कॉम्प्युटर फिरवणारा माणूस या घरात, या गावात, बहुधा या देशात एकच होता.

मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला. पण हसता हसता मधेच थांबले, कारण आता मला कळत होतं. ज्यानं माघ येईपर्यंत थांबा म्हणून सांगितलं होतं, त्यानं रात्र उलटायच्या आत माघ आणून ठेवला होता.

मागं पावलं वाजली. मामंजी दारात. ओलं धोतर, कपाळावर गंध, हातात तीर्थाची वाटी. त्यांनी मला बघितलं, मग स्वच्छ पुसलेला कोपरा बघितला. सोवळ्यातला माणूस मला शिवू शकत नाही, कॉम्प्युटरला शिवू शकत नाही, पळूनही जाऊ शकत नाही, तीर्थ सांडेल. अशी संधी सुनेला जन्मात एकदा मिळते.

"मामंजी," मी गोड आवाजात म्हटलं, "वसंत पंचमी झाली आणि तुम्ही मला पिवळं लुगडं नेसायला सांगितलं नाही?"

ते वाटीकडं बघत हळूच म्हणाले, "पत्रावर तारीख तें यंत्रच घालतें ना? यंत्रांत माघ असला तर पत्र माघांतलें. मी काय खोटें करूंलालों?"

"आणि उत्तर काय लिहिलं होतं?"

"या म्हणून. दुसरें काय लिहिणार?"

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"माघ येऊं दे म्हणून मीच सांगितलों होतों की! लाज नाहीं का वाटत माणसास?"

मला एकदम त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं, पण सोवळं होतं. शिवाय मी कालपर्यंत त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते आठवून माझेच कान तापले. मी म्हटलं, "पलीकडच्या मशीनला तुमचा माघ मान्य नाही. तिथं मार्गळीच आहे. तारीख खरी केल्याशिवाय पत्र जाणार नाही."

मी तारीख खरी केली. वेळही आपोआप खरी झाली, आणि ती दोघांनीही एकाच वेळी वाचली. साडेदहा वाजून गेले होते. शुक्रवारचा राहुकाळ साडेदहाला लागतो आणि बाराला संपतो. मार्गळी, पौष आणि राहुकाळ, तिन्ही एका ताटात.

तेवढ्यात दाराआडून नणंद पुढं आली. तिनं सगळं ऐकलं होतं. डोळे पाण्यानं भरलेले, पण आवाज शाळेतलाच. "अप्पा, बारा वाजूं दे. राहुकाळ अहे. तितक्यांत काय होतें?"

मी कपाळावर हात मारून घेतला. अशी मुलगी!

मामंजींनी तिच्याकडं बघितलं. मग तीर्थाची वाटी तिच्या हातात दिली, म्हणजे सोवळं मोडलंच. आणि म्हणाले, "नको पोरी. चांगली वेळ पाहतां पाहतां तुझें अर्धें वय घालवलों मी. आतां आणिक नाहीं थांबणार."

ते खुर्चीवर बसले. पाय धुतले होतेच. पडद्याला नमस्कार करायचा राहिला, माझ्या लक्षात आलं, पण मी तोंड बंद ठेवलं. चौकोन आला. तशाही स्थितीत त्यांनी आम्हा दोघींना भिंतीकडं तोंड करायला लावलं! आम्ही नणंदा-भावजया भिंतीला नाक लावून उभ्या, ती रडत, मी हसत. मागं एक बोट ठक ठक वाजत होतं. पासवर्ड काय आहे ते मला आजही ठाऊक नाही.

"गेला," मामंजी म्हणाले. चौकोन गेला होता आणि परत आला नाही. तुंबलेल्या मेल धडाधड पडायला लागल्या. माघातलं पत्र त्यांनी तसंच टाकून दिलं आणि नवं लिहिलं. त्यांची पत्रं एरवी देवाच्या नावापासून सुरू होऊन घरातल्या लहानथोरांच्या आशीर्वादावर संपतात, मधे मुद्दा शोधावा लागतो. हे पत्र एका ओळीचं होतं. आपण उद्यांच यावें, आम्ही वाट पाहतों. खाली फोन नंबर. ओल्या धोतरात कुडकुडत त्यांनी भर राहुकाळात ते पाठवून दिलं.

मग आम्ही तिघंही पडद्याकडं बघत बसलो. मंडळीतल्या कुणाची तरी झांजांबद्दल तक्रार आली. कुठल्याशा दुकानाची गाद्यांची जाहिरात आली. मी कॉफी करायला उठणार, इतक्यात बडोद्याच्या गृहस्थांचं उत्तर आलं. मामंजींनी ते मोठ्यानं वाचलं. ते सकाळच्या गाडीनं येणार होते.

मामंजींनी चष्मा काढला. आजवर इतकी स्थळं आली आणि गेली, त्यांनी गुण जुळवले, गोत्र विचारलं, पंचांगांना विचारलं. आता खुर्ची वळवून ते मुलीकडं बघत होते, आणि कुठून सुरुवात करावी ते त्यांना सुचत नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले, "तुला तो..."

"हो," नणंद म्हणाली. त्यांचा प्रश्न पुरा व्हायची वाटसुद्धा तिनं पाहिली नाही.